चाळ पडली, निदान लेखन तरी टिकावे! : ब्लॉगलेखकांसाठी मोफत संकेतस्थळे आणि सोप्या युक्त्या

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांवर मराठीत महाजालावर जेवढे हौशी लेखन झाले, तेवढे मुंबईच्या दुसऱ्या कोणत्याही भागावर क्वचितच झाले असेल. फणसवाडी, मुगभाट, झावबावाडी, गायवाडी येथील बालपण, गणेश गल्लीतील रात्री, गिरणीचा भोंगा, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप आणि त्यानंतर रिकाम्या झालेल्या खोल्या यांविषयी शेकडो लोकांनी लिहिले. त्यांतील बरेच जण व्यवसायाने लेखक नव्हते. कोणी निवृत्त शिक्षक होते, कोणी बँकेतील कर्मचारी, तर कोणी गिरणी कामगारांची मुले. छापील पुस्तकाचा खर्च न झेपणाऱ्या या मंडळींना ब्लॉगने विनामूल्य जागा दिली.

ज्या वास्तूंविषयी हे लेखन आहे त्या वेगाने नाहीशा होत आहेत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे बांधलेल्या सुमारे दोनशे बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू असून वरळीतील पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांचा ताबा मिळाला. गिरगाव आणि काळबादेवी येथील काही जुन्या इमारती भुयारी मेट्रोसाठी पाडण्यात आल्या. ऑक्टोबर २०२५ पासून या दोन्ही ठिकाणी मेट्रो स्थानके सुरू झाली आहेत.

वास्तूबरोबर तिच्याविषयीचे लेखनही नाहीसे होऊ शकते, ही गोष्ट मात्र फारशी ध्यानात घेतली जात नाही. याहूने जिओसिटीजची मोफत संकेतस्थळे ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गुगल प्लसवरील व्यक्तिगत खाती एप्रिल २०१९ मध्ये, तर याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले. फ्लिकरने २०१८ च्या अखेरीस मोफत खात्यावर एक हजार छायाचित्रांची मर्यादा घातली आणि त्यानंतर मर्यादेबाहेरची छायाचित्रे काढून टाकली. यांपैकी प्रत्येक ठिकाणी मराठी माणसांचे लेखन आणि छायाचित्रे होती. ज्यांनी वेळीच प्रती काढल्या त्यांचेच लेखन हाती उरले.

म्हणून मोफत सेवा अवश्य वापराव्यात, परंतु त्यांपैकी कोणतीही एक दिवस बंद होईल असे गृहीत धरूनच वापराव्यात. पुढील माहिती त्या दृष्टीने एकत्र केली आहे. लिहिण्यापासून जपण्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर कोणते संकेतस्थळ उपयोगी पडते आणि तेथे कोणती काळजी घ्यावी, हे त्यात क्रमाने दिले आहे.

लिहावे युनिकोडमध्येच

या शतकाच्या आरंभी मराठी संकेतस्थळ वाचण्यासाठी त्या त्या स्थळाचा टंक आधी संगणकावर उतरवून घ्यावा लागे. तो नसला की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोड रुळल्यावर ही अडचण संपली. तरीही जुन्या टंकांत टाइप केलेले असंख्य मजकूर आजही लोकांच्या संगणकांत पडून आहेत. मंडळांच्या स्मरणिका, चाळीच्या अमृतमहोत्सवाचे लेख, नाट्यस्पर्धांच्या संहिता असे बरेच काही त्यांत आहे. तो टंक नव्या संगणकावर नसला की मजकूर असून नसल्यासारखा होतो. अशा फायलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारी मोफत परिवर्तके महाजालावर उपलब्ध आहेत. त्यासाठी मूळ टंकाचे नाव ठाऊक असणे आवश्यक असते. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावेत, कारण चुका बहुधा तेथेच होतात.

मराठी टाइप करण्यासाठी आता वेगळी आज्ञावली विकत घेण्याची गरज नाही. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठीचा प्रमाण कळफलक विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींत अंगभूत असतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय असलेल्यांसाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी ध्वन्यात्मक कळफलकही आला आहे. मोबाइलवर गुगलचा जीबोर्ड पुरेसा ठरतो. ज्यांना टाइप करणे जमत नाही अशा वडीलधाऱ्या मंडळींना तोंडी मजकूर सांगता येतो. जीबोर्ड आणि गुगल डॉक्स या दोहोंत मराठी बोलून लिहिण्याची सोय आहे. आजीने सांगावे आणि नातवाने नंतर विरामचिन्हे घालावीत, अशी वाटणी घरोघरी करता येण्याजोगी आहे.

दोन अक्षरांविषयी विशेष दक्षता घ्यावी. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा र अनेकदा ‘दुसर्या’ असा चुकीचा उमटतो. इनस्क्रिप्टवर र ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ऱ’ मिळतो. त्याला हलन्त जोडून पुढे य टाइप केला की योग्य जोडाक्षर तयार होते. दुसरे अक्षर ‘ॲ’. याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. तोपर्यंत ‘अ’ वर चंद्र देऊन हे अक्षर साधले जात असे. दोन्ही रूपे दिसायला सारखी असली तरी संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत, म्हणून जुन्या ब्लॉगवरील शब्द शोधताना दोन्ही प्रकारांनी शोध घ्यावा.

मोफत टंक : खिळ्यांच्या गल्लीतून पडद्यावर

जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे एके काळी देशभर नावाजलेले होते. हा छापखाना काळबादेवीच्या कोलभाट लेनमधला. मुंबईतील अक्षररचनेची ती परंपरा संगणकावरही चालू राहिली. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा टंक सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रचला. मुंबईतीलच ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक आज गुगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतात.

हे टंक मुक्त परवान्याखाली असल्यामुळे ब्लॉगवर, छापील स्मरणिकेत किंवा मंडळाच्या फलकावर शुल्क न देता वापरता येतात. इतर कोणताही टंक उतरवून घेण्यापूर्वी त्याचा परवाना वाचावा. ‘व्यक्तिगत वापरासाठी मोफत’ असा शेरा असलेला टंक देणगीच्या पावतीपुस्तकावर किंवा विक्रीच्या पुस्तकात वापरणे परवान्यात बसत नाही.

शब्द अडला तर

जुन्या मुंबईविषयी लिहिताना जुने शब्द वारंवार भेटतात. त्यांच्यासाठी सर्वांत उपयुक्त ठिकाण म्हणजे शिकागो विद्यापीठाचे दक्षिण आशियाई अंकीय ग्रंथालय. तेथे मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, मुंबई, १८५७) शोधसुविधेसह आहे. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि तुळपुळे व फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही तेथेच आहेत. मोल्सवर्थच्या कोशात बोली, व्यवसाय आणि घरगुती वापर यांतील असंख्य शब्द नोंदलेले आहेत. आजोबांच्या पत्रातील न उलगडणारा शब्द आधुनिक कोशात सापडला नाही, तरी तेथे सापडण्याची शक्यता बरीच असते.

संज्ञा आणि विषय समजून घेण्यासाठी मराठी विश्वकोश पाहावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये पहिला खंड निघालेला हा वीस खंडांचा कोश संपूर्ण महाजालावर विनामूल्य आहे. त्याची निर्मिती करणाऱ्या मंडळाचे मुंबईतील कार्यालय प्रभादेवीच्या रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत आहे. प्रशासकीय आणि शास्त्रीय परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही शोधसुविधेसह उपलब्ध आहेत.

शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम प्रमाण मानले जातात. १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या १४ नियमांत १९७२ मध्ये चार नियमांची भर पडून ते १८ झाले. ते एकदा शांतपणे वाचून काढले तर रोजच्या बहुतेक शंका मिटतात. लिब्रे ऑफिस ही मोफत आज्ञावली आणि फायरफॉक्स यांना मराठी शब्दतपासणीची जोडणी देता येते. तिच्यावर पूर्णपणे विसंबून मात्र राहू नये. सामासिक शब्द आणि गल्ल्यांची नावे तिला चुकीचीच वाटतात.

आठवणीला आधार हवा

ब्लॉगवरील स्मरणलेखनात सन आणि नाव यांची गल्लत सर्वाधिक होते. ‘आमच्या लहानपणी’ म्हणजे नेमके कधी, हे लेखकाला ठाऊक असते, पण वाचकाला नसते. जुन्या ग्रंथांच्या मोफत संग्रहांत थोडा शोध घेतला तर आठवणीला बळकटी येते.

इंटरनेट आर्काइव्ह हे संकेतस्थळ त्यासाठी पहिले. एस. एम. एडवर्ड्स यांनी संपादित केलेले १९०९-१० चे मुंबई शहर व बेटाचे तीन खंडांतील गॅझेटियर तेथे उतरवून घेता येते. मराठीत मुंबईची समग्र ओळख करून देणारा पहिला ग्रंथ म्हणजे गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३). त्यानंतर आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तान्त’ १८८९ मध्ये निघाला. गिरगाव-परळ भागाचा इतिहास लिहिणाऱ्याने हे दोन ग्रंथ चाळल्याशिवाय लेखणी उचलू नये.

या संग्रहाची एक कथाही बोधप्रद आहे. भारतातील अनेक संस्थांनी मिळून उभारलेले ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ २०१७ च्या सुमारास बंद पडले. त्यातील हजारो मराठी पुस्तके आज वाचता येतात, याचे कारण त्यांच्या प्रती आधीच इंटरनेट आर्काइव्हवर ठेवण्यात आल्या होत्या. मोठ्या शासकीय प्रकल्पाच्या बाबतीत हे घडू शकते, तर एखाद्याच्या व्यक्तिगत ब्लॉगची काय कथा!

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. धोबी तलाव भागातील राज्य मराठी विकास संस्थेच्या संकेतस्थळावर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आहे. १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची नोंद त्या सूचीत असल्यामुळे एखादे पुस्तक कोणी आणि कधी छापले याचा पत्ता लागतो. फोर्टमधील टाउन हॉलमध्ये असलेल्या एशियाटिक सोसायटीने जुनी पुस्तके, नकाशे आणि नियतकालिके ‘ग्रंथसंजीवनी’ या संकेतस्थळावर आणली आहेत.

मात्र सारे काही महाजालावर आहे, हा समज चुकीचा आहे. १ ऑगस्ट १८९८ रोजी स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या दादर-नायगाव येथील संदर्भ विभागात दुर्मीळ ग्रंथ आणि नियतकालिके आहेत. शोधयंत्राला जे सापडत नाही ते तेथील कपाटात असू शकते. घरी बसून सूची पाहावी आणि मग ग्रंथालयात जावे, हा क्रम सर्वांत कमी वेळाचा.

गल्ल्यांचे नकाशे, छपरांचा इतिहास

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला जगाचा मुक्त नकाशा कोणालाही दुरुस्त करता येतो. त्यात रस्त्याचे नाव देवनागरीत नोंदवण्याची स्वतंत्र सोय आहे. आंग्रेवाडी, बोरभाट, चिवडा गल्ली, गरमखाडा ही नावे तेथे योग्य जागी आणि योग्य लेखनात नोंदवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. इमारत पाडली गेली की तिचे नाव सर्वसाधारण नकाशातून निघून जाते, म्हणून ती उभी असतानाच नोंद केलेली बरी.

गुगल अर्थ प्रो ही संगणकावरील आज्ञावली २०१५ पासून मोफत आहे. तिच्यातील जुन्या उपग्रहचित्रांची पट्टी मागे सरकवली की लोअर परळमधील गिरण्यांची दातेरी छपरे दिसतात. पट्टी पुढे सरकवत गेले की त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहताना दिसतात. एखाद्या गिरणीची जागा नेमकी कोणती होती, याविषयी घरात वाद असेल तर त्याचा निकाल येथे लागू शकतो.

लेखनात ठिकाणांची जुनी आणि नवी दोन्ही नावे द्यावीत. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. आज तिशी ओलांडलेला वाचक जुन्या नावाने शोध घेईल, तर शाळकरी मूल नव्या नावाने. ‘प्रभादेवी (पूर्वीचे एल्फिन्स्टन रोड)’ असे एकदा लिहिले की दोघांनाही लेख सापडतो.

छायाचित्रे, स्मरणिका आणि आवाज

गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, कामगार संघटनांची पत्रके, नाटकांच्या जाहिराती, लग्नाच्या पत्रिका ही या भागाची खरी दफ्तरे होत. ती बहुधा एखाद्या ट्रंकेत असतात आणि घर बदलताना रद्दीत जातात. त्यांची नक्कल करण्यासाठी मोबाइलही चालतो. उजेड बाजूने यावा, कागद सपाट असावा आणि पानाच्या चारही कडा चौकटीत याव्यात. स्कॅनर असल्यास किमान ३०० डीपीआय ठेवावे. फाइलला कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक तसाच राहू देऊ नये. वर्ष, मंडळ आणि पान असे नाव द्यावे.

छापील पान गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडले की त्यातील मराठी मजकूर टाइप केलेल्या स्वरूपात मिळतो. जुन्या खिळ्यांची छपाई, फाटलेली कडा किंवा दोन रकाने असतील तर चुका होतात, म्हणून मूळ पानाशी ताडून पाहणे आवश्यक आहे. तरीही पन्नास पानांची स्मरणिका पुन्हा टाइप करण्यापेक्षा हे श्रम कितीतरी कमी आहेत.

वास्तूंची छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सवर ठेवता येतात. तेथे चित्र मूळ आकारात राहते आणि मराठी विकिपीडियासह कोणत्याही भाषेतील लेखाला वापरता येते. मात्र चित्र स्वतः काढलेले असावे आणि इतरांना नामोल्लेखासह वापरू देण्याची तयारी असावी. मराठी विकिपीडियावर आठवणी लिहू नयेत. तेथे प्रकाशित आधार लागतो. ‘आमच्या चाळीत पहिला दूरदर्शन संच कोणाकडे आला’ याची जागा ब्लॉगवरच.

ज्येष्ठांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. आरंभी दिनांक, स्थळ आणि बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगावे, म्हणजे फाइलचे नाव हरवले तरी ओळख राहते. महाजालावर ठेवण्यास त्यांची संमती आहे का, हे त्याच ध्वनिमुद्रणात विचारून घ्यावे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांच्या अशाच मुलाखतींतून या भागाचा मौखिक इतिहास सिद्ध केला. तो २००४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि पुढे मराठीतही आला. एरवी कोणत्याही दफ्तरात न नोंदलेल्या गोष्टी त्यामुळे पुस्तकात आल्या.

हक्कांचे गणित

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याच्या साहित्यावर स्वामित्वहक्क राहतो. हे गणित करणे सोपे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे निर्वाण १९५६ चे, त्यामुळे त्यांनी स्वतः हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. अण्णा भाऊ साठे आणि आचार्य अत्रे हे दोघेही १९६९ मध्ये निवर्तले. त्यांचे साहित्य १ जानेवारी २०३० पासून मुक्त होईल. नारायण सुर्वे यांचे निधन २०१० चे, म्हणून त्यांच्या कविता २०७० च्या अखेरपर्यंत हक्काधीन आहेत. परळ-लालबागवरील ब्लॉगवर सुर्व्यांची संपूर्ण कविता उतरवून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. परवानगी मागावी अथवा कवितेविषयी आपल्या शब्दांत लिहावे.

जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती वापरताना आणखी एक गोष्ट पाहावी. मूळ मजकूर मुक्त झाला असला तरी नव्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा यांचे हक्क स्वतंत्र असतात.

उलट बाजूही आहेच. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अनेक सुंदर मजकुरांखाली लेखकाचे नाव नसते. कोणीतरी ते प्रेमाने लिहिलेले असते आणि तिसऱ्या हाती जाईपर्यंत नाव गळून पडलेले असते. लेख आधी ब्लॉगवर दिनांकासह प्रसिद्ध करावा आणि नंतर व्हॉट्सॲपवर संपूर्ण मजकुराऐवजी आरंभीची काही वाक्ये व दुवा पाठवावा. मूळ लेखन कोणाचे, याचा पुरावा त्यामुळे राहतो. फेसबुकवरील बंद गटांत आणि व्हॉट्सॲपवर लिहिलेले शोधयंत्राला सापडत नाही. दहा वर्षांनी ते खुद्द लेखकालाही सापडणे कठीण जाते.

जागा कोणती, प्रत कोठे?

गुगलच्या मालकीची ब्लॉगर ही सेवा १९९९ पासून चालू आहे. वर्डप्रेस डॉट कॉमवरही मोफत ब्लॉग मिळतो, परंतु मोफत खात्यावर त्यांच्या जाहिराती दिसतात आणि साठवणीची मर्यादा असते. स्वतःचे नाव विकत घेऊन स्थळ उभारणे देखणे खरे, पण त्याचे शुल्क वर्षाला भरावे लागते. लेखकाच्या पश्चात ते कोणी भरले नाही तर स्थळ काही महिन्यांत नाहीसे होते. केवळ आठवणी लिहायच्या असतील तर मोफत ब्लॉग हाच सोयीचा मार्ग आहे, मात्र पुढील गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे प्रत. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये ‘बॅक अप कंटेंट’ आणि वर्डप्रेसमध्ये ‘एक्स्पोर्ट’ ही सोय आहे. या फायलीत लेख आणि प्रतिक्रिया येतात, छायाचित्रांचे मात्र फक्त दुवे येतात. म्हणून मूळ छायाचित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावीत. दर तीन महिन्यांनी प्रत काढावी. एक संगणकावर, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरी असावी. त्याखेरीज प्रत्येक लेख साध्या मजकूर फाइलमध्येही जपावा, कारण ती उघडण्यासाठी विशिष्ट आज्ञावली लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सार्वजनिक प्रत. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ‘सेव्ह पेज नाऊ’ या चौकटीत लेखाचा पत्ता टाकला की त्या दिवशीचे पान कायमच्या दुव्यासह साठवले जाते. यासाठी शुल्क नाही. जुन्या, बंद पडलेल्या ब्लॉगचा पत्ता ठाऊक असेल तर तो येथे टाकून पाहावा. कधी कधी हरवलेला लेख सापडतो. अर्थात हे भांडारही अभेद्य नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ते काही दिवस बंद होते. म्हणून घरची प्रत हवीच.

तिसरी गोष्ट दुव्यांची. लघुदुवे टाळावेत. गुगलने आपल्या लघुदुव्यांची नवी नोंदणी २०१९ मध्ये थांबवली आणि वापरात नसलेले जुने दुवे पुढे बंद केले. संदर्भ देताना पूर्ण पत्ता आणि त्याबरोबर लेखाचे नाव, लेखक व दिनांक द्यावा. दुवा तुटला तरी या तपशिलावरून मूळ लेख शोधता येतो.

खाते कोणाच्या हाती?

दोन वर्षे वापर न झालेली व्यक्तिगत खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले. लेखकाच्या निधनानंतर त्याच्या खात्यात कोणीच प्रवेश करत नाही, आणि खात्यावर गदा आली की त्याला जोडलेले लेखन, छायाचित्रे, पत्रव्यवहार हे सारे धोक्यात येते. यावर दोन सोपे उपाय आहेत.

गुगल खात्यात ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ ही सोय आहे. खाते किती महिने वापरले नाही तर कोणाला कळवायचे आणि कोणती माहिती त्यांच्या हाती द्यायची, हे त्यात आधीच नोंदवता येते. दहापर्यंत विश्वासू व्यक्तींची नावे देता येतात. दुसरा उपाय म्हणजे ब्लॉगरवर मुलगा, सून, भाचा किंवा मित्र यांपैकी एकाला ‘ॲडमिन’ म्हणून जोडणे. हे पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यासाठी आपला परवलीचा शब्द कोणालाही सांगावा लागत नाही.

सुरक्षिततेसाठी दुहेरी पडताळणी सुरू ठेवावी. ‘तुमचा ब्लॉग बंद होणार आहे, येथे परवलीचा शब्द भरा’ अशा संदेशातील दुव्यावर कधीही जाऊ नये. ब्लॉगर स्वतः उघडून खात्री करावी. आर्थिक फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

थोडक्यात

• लेखन युनिकोडमध्ये करावे आणि जुन्या टंकांतील फायली वेळीच परिवर्तित कराव्यात.
• प्रत्येक आठवणीबरोबर सन, ठिकाणाचे जुने-नवे नाव आणि संबंधितांचे नाते लिहावे.
• लेख आधी ब्लॉगवर, नंतर व्हॉट्सॲपवर.
• निधनानंतर साठ वर्षे पूर्ण न झालेल्या लेखकाचे साहित्य परवानगीविना उतरवू नये.
• लेख प्रसिद्ध होताच वेबॅक मशीनवर साठवावा आणि दर तीन महिन्यांनी संपूर्ण ब्लॉगची प्रत काढावी.
• खात्याचा वारस नेमून ठेवावा.

ही सारी कामे एका रविवारी सकाळी उरकण्याजोगी आहेत. ज्यांच्या घरात ब्लॉग लिहिणारे ज्येष्ठ आहेत त्यांनी पुढच्या भेटीत पेनड्राइव्ह सोबत न्यावा, त्यांच्यासमोर बसून प्रत काढून घ्यावी आणि दुसरा ‘ॲडमिन’ कोण असावा हे त्यांनाच विचारावे.